अग्निशामकाला जखडायचे कसे?

५ मार्च १९७७. दक्षिण आफ्रिकेत क्यालामी येथे ‘फॉर्म्युला वन’ मालिकेतील मोटार शर्यत चालू होती. रेन्झो झोर्झी या चालकाची गाडी बिघडून सरळ मार्गाच्या कडेला थांबली आणि तिच्या मागच्या भागात ज्वाळा दिसू लागल्या. ते पाहून समोरच्या बाजूचे दोन स्वयंसेवक मार्ग ओलांडून तिकडे धावले. त्यांपैकी एकोणीस वर्षांच्या एका तरुणाच्या हातात सुमारे १८ किलोग्रॅम वजनाचे अग्निशामक नळकांडे होते. मार्गाला तेथे चढ होता, त्यामुळे मागून येणाऱ्या गाड्या चढाचा माथा ओलांडेपर्यंत दिसत नसत. टॉम प्राइस या चालकाची गाडी ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने आली व त्या तरुणावर आदळली. तरुण जागीच ठार झाला. त्याच्या हातातले अग्निशामक प्राइसच्या डोक्यावर आदळून प्राइसचाही तत्काळ अंत झाला. झोर्झी मात्र आपल्या गाडीतून सुखरूप बाहेर पडलेला होता.

या दुर्दैवी घटनेकडे भौतिकीच्या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. अग्निशामक कोणी फेकलेले नव्हते. त्याचा स्वतःचा वेग धावणाऱ्या माणसाच्या वेगाइतकाच, म्हणजे अगदी थोडा होता. वेग होता तो चालकाचा. परंतु आघात किती जोराचा होणार, हे दोन वस्तूंच्या सापेक्ष वेगावर ठरते. त्यांतली कोणती धावते आहे आणि कोणती उभी आहे, याच्याशी आघाताला कर्तव्य नसते.

आता हेच चित्र उलटे करून पाहू. अग्निशामक मार्गावर नसून मोटारीच्या आतच, चालकाच्या शेजारी ठेवले आहे. मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली आहे. चालकाला ते अग्निशामक अगदी स्वस्थ पडलेले दिसते, कारण दोघांचा वेग सारखाच असून सापेक्ष वेग शून्य आहे. पण मोटार कशावर तरी आदळली व थांबली की? चालकाला आसनाचा पट्टा थांबवतो. अग्निशामकाला कोण थांबवणार?

एसटीच्या गाडीत उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला न्यूटनचा पहिला नियम पाठ न करताही ठाऊक असतो. चालकाने करकचून ब्रेक लावला की आपण पुढच्या माणसाच्या अंगावर जातो. कोणी ढकललेले नसते. गाडी थांबते आणि आपण आपल्या पूर्वीच्याच वेगाने चाललेलो असतो, इतकेच. अग्निशामकाचेही तसेच. फरक एवढाच, की ते पोलादाचे असते.

दोन किलोग्रॅम भुकटी भरलेले एक अग्निशामक घेऊ. नळकांडे, झडप वगैरे धरून त्याचे वजन साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास भरते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग, या सूत्राने गतिज ऊर्जा सुमारे ३३८ ज्यूल येते. हा आकडा नुसता वाचून काही बोध होत नाही, म्हणून तो उंचीत बदलून पाहू. इतकीच ऊर्जा मिळण्यासाठी तेच नळकांडे जवळजवळ १० मीटर उंचीवरून खाली पडावे लागेल. पाट्यावरचा वरवंटा साधारण याच वजनाचा आणि याच आकाराचा असतो. तो तिमजली इमारतीच्या गच्चीवरून सुटला आहे आणि आपण खाली उभे आहोत, अशी कल्पना करा. आणि वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर झाला तर उंची चौपट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्रीडामोटारीला, म्हणजे स्पोर्ट्स कारला, ताशी १०० किलोमीटर हा काही विशेष वेग नव्हे.

मग अग्निशामक गाडीत ठेवूच नये काय? तसे म्हणता येत नाही. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीन येथे रोमाँ ग्रोजाँ या चालकाची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कडेच्या पोलादी कठड्यावर आदळली, तिचे दोन तुकडे झाले व तिने पेट घेतला. ग्रोजाँ २७ सेकंद आगीत होता आणि तरीही वाचला. गाड्यांची रचना, चालकाचे कपडे, इंधनाच्या टाक्या यांत १९७७ नंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, पण इंधन, तापलेले इंजिन आणि विजेच्या तारा एकत्र आहेत तोवर आगीचे भय आहेच. या घटनेतला क्रमही लक्षात घ्या. आधी टक्कर होते, आग नंतर लागते. म्हणजे अग्निशामकाची खरी गरज पडायच्या आधी त्याला स्वतःला त्या टकरीतून जागच्या जागी टिकून राहावे लागते. आणि टिकून राहिल्यावर, पट्ट्यांनी आसनाला बांधलेल्या चालकाला ते धुरात, एका हाताने, दोन-चार सेकंदांत काढताही आले पाहिजे.

अग्निशामक बसवण्याची सारी अडचण या दोन अटींत आहे. नुसते घट्ट बसवायचे असते तर कोणीही लोहार ते वितळजोड मारून बसवून देईल!

किती बळ सोसायचे?

टकरीत गाडीचा पुढचा भाग चेपतो आणि तेवढ्या अंतरात गाडी थांबते. समजा, ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी अर्धा मीटर चेपून थांबली. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, या आपल्या ओळखीच्या समीकरणाने ऋण त्वरण १९३ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद येते. गुरुत्वत्वरण ९.८ असल्यामुळे हे त्याच्या सुमारे २० पट झाले. अभियंते याला ‘२० जी’ म्हणतात. याचा अर्थ असा, की त्या क्षणापुरते आपले साडेतीन किलोग्रॅमचे नळकांडे ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसासारखे आपल्या बंधनाला ओढू लागते, आणि तेही खाली नव्हे तर पुढच्या दिशेला.

‘एफ. आय. ए.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत, नेहमीच्या गाड्यांपासून तयार केलेल्या शर्यतीच्या गाड्यांमधील अग्निशामकाची बैठक २५ जी इतके ऋण त्वरण सोसणारी असावी, असे घातले आहे. आपल्या नळकांड्यासाठी हे बळ सुमारे ८६० न्यूटन होते. २५ हा काही निसर्गाचा स्थिरांक नव्हे. बहरीनच्या अपघातात महत्तम आकडा ६७ जी पर्यंत गेला होता. तेव्हा २५ जी ही किमान मर्यादा समजावी आणि बैठक त्याहून बळकट करता आली तर अवश्य करावी. हाच नियम पुढे सांगतो, की नळकांडे धातूच्या निदान दोन पट्ट्यांनी बांधावे, ते पट्टे झटकन सुटणारे असावेत आणि नळकांडे लांबीच्या दिशेने सटकू नये म्हणून खास अडसर असावा. या अडसराला इंग्रजीत जे नाव आहे त्याचे भाषांतर ‘पाणतीर-रोधक कान’ असे करता येईल. पाणतीर म्हणजे पाणबुडीतून सुटणारा टॉर्पेडो. नाव गमतीचे असले तरी अचूक आहे, ते आता पाहू.

पट्टा घट्ट आवळला की झाले, असे पुष्कळांना वाटते. गाडीच्या लांबीला समांतर, म्हणजे तोंड पुढे करून आडवे ठेवलेले नळकांडे घ्या. त्याच्याभोवती दोन पट्टे आहेत. टकरीत ते पट्ट्यांतून पुढे सरकू पाहते आणि त्याला अडवायला फक्त घर्षण असते. हे घर्षण किती? पट्ट्यात समजा १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम-भार इतका ताण आहे. गोल वस्तूभोवती गुंडाळलेला पट्टा तिला सगळीकडून आत दाबतो. परिघाच्या दर एकक लांबीवरील हा दाब, ताण भागिले त्रिज्या इतका असतो. त्याला संपूर्ण परिघाने, म्हणजे २ × पाय × त्रिज्या याने गुणले की त्रिज्या निघून जाते आणि एकूण लंब बळ २ × पाय × ताण एवढेच उरते. नळकांडे जाड असो की बारीक, उत्तर तेच! दोन पट्ट्यांचे मिळून ते सुमारे १,२६० न्यूटन झाले. रंगवलेल्या धातूवर धातू घासताना घर्षणांक ०.२ धरला, तर घर्षण २५० न्यूटनच्या आसपास येते. हवे होते ८६०. म्हणजे नळकांडे सुटणार, आणि टॉर्पेडोसारखे सरळ पुढे जाणार. त्यावर तेलाचा ओशटपणा किंवा धूळ असेल तर विचारूच नका.

याला उपाय दोन. एक म्हणजे नळकांडे गाडीला आडवे, डाव्या-उजव्या दिशेत बसवायचे. मग समोरच्या टकरीत बळ घर्षणावर न येता सरळ पट्ट्यांवर आणि खालच्या खोबणीवर येते. पण टक्कर बाजूनेही होऊ शकते, म्हणून दुसरा उपाय तरीही करावाच लागतो. तो म्हणजे नळकांड्याच्या दोन्ही टोकांशी बैठकीचाच पत्रा वर वळवून केलेला कान किंवा अडसर. नळकांडे सरकू लागले की ते या कानाला टेकते. बळ घर्षणाच्या भरवशावर न राहता पोलादावर येते. मात्र हा कान नळकांड्याच्या खांद्याला किंवा बुडाला टेकावा, झडपेला नव्हे. झडप हा त्यातला सर्वांत नाजूक भाग, आणि आत दाबाखालचा वायू असतो.

दोन सेंटिमीटरांचा सैलपणा

आता असा एक मुद्दा, की जो गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्या हौशी माणसांच्याही सहसा ध्यानात येत नाही. पट्टा मजबूत आहे, पण जरा सैल आहे. नळकांडे जागेवर थोडे हलते, एवढेच. काय बिघडले?

सैलपणा २ सेंटिमीटर आहे असे धरू. गाडी २० जी ने थांबू लागते, पण नळकांड्याला ते कळतच नाही. ते ते दोन सेंटिमीटर निर्वेध पुढे येते. म्हणजे गाडीच्या दृष्टीने पाहिले, तर ते २० जी च्या ‘गुरुत्वाकर्षणाखाली’ दोन सेंटिमीटर पडते. मग पट्टा ताठ होतो, आणि समजा अर्धा सेंटिमीटर ताणून त्याला थांबवतो. दोन सेंटिमीटरांत मिळवलेला वेग अर्ध्या सेंटिमीटरात घालवायचा, तर चौपट त्वरण लागणार, म्हणजे ८० जी. शिवाय गाडीचे मूळचे २० जी चालू आहेतच. एकूण १०० जी! घट्ट बांधलेल्या नळकांड्याला ज्या पट्ट्याने ७० किलोग्रॅम-भारात आवरले असते, त्याच पट्ट्यावर आता साडेतीनशे किलोग्रॅम-भार आला. बंद पडलेली मोटार दोराने ओढताना पुढच्या चालकाने दोर आधी हळूच ताठ करून घेतला नाही, तर एका हिसक्यात दोर तुटतो, कारण हेच.

रबरी किंवा चिकटपट्टीचे पट्टे का चालत नाहीत, याचेही उत्तर यात आहे. रबर लांब ताणले जाते, आणि तेवढ्या अंतरात नळकांडे कशावर तरी आपटायला मोकळे होते. शिवाय आगीच्या वेळी रबर आणि प्लॅस्टिक यांचा काय उपयोग!

पट्ट्यांनंतर बोल्ट. येथे लोक चुकीच्या ठिकाणी काळजी करतात असे मला वाटते. चांगल्या पोलादाचा ६ मिलिमीटर जाडीचा एक बोल्ट १० हजार न्यूटनांहून अधिक ओढ सहज सोसतो. आपल्याला हवे होते ८६०. बोल्ट तुटतच नाही. तो ज्या पत्र्याला लावला आहे तो पत्रा फाटतो. गाडीच्या तळाचा पत्रा अवघा मिलिमीटरभर जाडीचा, आणि काही क्रीडामोटारींत तर ॲल्युमिनियमचा असतो. म्हणून पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला नटाखाली छोट्या वॉशरऐवजी मोठी पोलादी चकती किंवा पट्टी घालतात. पत्रा फाटायचा तर आता चकतीच्या परिघाभोवती फाटावा लागतो. १२ मिलिमीटर व्यासाऐवजी ४० मिलिमीटरची चकती घातली, की फाटण्याची रेषा तिपटीहून लांब झाली.

बैठकीची उंचीही पाहिली पाहिजे. नळकांड्याचा मध्य बोल्टांच्या पातळीपासून ६ सेंटिमीटर वर आणि बोल्टांमधले अंतर १० सेंटिमीटर असेल, तर तरफेच्या नियमाने मागचा बोल्ट सुमारे ५२० न्यूटनांनी वर उपटला जातो. तेच नळकांडे शोभेसाठी २० सेंटिमीटर उंच दांड्यावर चढवले आणि बोल्टांत ५ सेंटिमीटरच अंतर ठेवले, तर ही ओढ ३,४०० न्यूटनांच्या वर जाते. नळकांडे तेच, टक्कर तीच, फक्त तरफ बदलली.

क्रीडामोटारीत जागेचा प्रश्न बिकट असतो. दोनच आसने, तीही जमिनीला टेकलेली. मागच्या सामानकप्प्यात अग्निशामक ठेवणे म्हणजे घरची किल्ली घरातच कुलूपबंद करण्यासारखे. म्हणून बरेच जण ते आसनाच्या पुढच्या कडेखाली, मांड्यांच्या खालच्या जागेत, गाडीला आडवे बसवतात. त्यासाठी आसनाचे रूळ तळाला ज्या दोन पुढच्या बोल्टांनी जखडलेले असतात, त्यांच्यातच बैठकीची पट्टी अडकवतात. तळाला नवे भोक पाडावे लागत नाही, आणि ते बोल्ट माणसासकट आसन धरून ठेवण्यासाठीच केलेले असल्याने साडेतीन किलोग्रॅमची भर त्यांना जड नाही. एक सावधगिरी मात्र हवी. पट्टीच्या जाडीइतका बोल्ट आता आत कमी जातो, म्हणजे आटे कमी पकडतात. तेव्हा त्याच प्रतीचा पण तेवढाच अधिक लांब बोल्ट घालावा लागतो. हलकीशी पट्टी बसवण्याच्या नादात आसनच सैल करून ठेवणे हा उपद्व्याप फार महागात पडेल. अलीकडच्या गाड्यांत आसनाखाली विजेच्या ताराही असतात. त्या दबता कामा नयेत. चालकापेक्षा शेजारच्या आसनापुढची जागा बरी, कारण बैठक कधी काळी सैल झाली तर नळकांडे गडगडत ब्रेकच्या पायट्याखाली जायला नको.

छतासाठी पोलादी नळ्यांचा सांगाडा असलेल्या गाड्यांत त्या नळीवरही अग्निशामक लावतात. तेथे नळीला भोक पाडू नये. दोन अर्धगोल कड्यांनी ती कवटाळावी. आणि डोक्याच्या उंचीला तर मुळीच लावू नये.

हाताला सैल, टकरीला घट्ट

इतके जखडल्यावर ते सुटणार कसे? यातली युक्ती अशी, की टकरीची ओढ आणि हाताची ओढ यांच्या दिशा वेगळ्या ठेवायच्या.

खिळीचे उदाहरण घ्या. बैलगाडीच्या कण्यातून चाक निसटू नये म्हणून टोकाला लोखंडी खीळ घालतात. चाक कितीही जोराने बाहेर ढकलो, त्याचे बळ खिळीला आडवे येते. ती मोडायची तर कापली जावी लागते. पण तिच्या स्वतःच्या लांबीच्या दिशेने वर ओढली, तर ती सहज निघते. शर्यतीच्या गाड्यांतील काही बैठकींत नेमके हेच असते. नळकांडे एका जोडपट्टीला कायमचे जखडलेले, आणि ती जोडपट्टी बैठकीशी एका खिळीने अडकवलेली. ६ मिलिमीटर जाडीची साधी पोलादी खीळ आडव्या कापणाऱ्या बळापुढे काही हजार न्यूटन टिकते. बोट घालून कडीने ओढली की हातात येते.

दुसरी युक्ती पट्ट्याच्या कडीची. सायकलचे स्टँड पाहा. ते वर असो की खाली, स्प्रिंग त्याला त्याच जागी धरून ठेवते, कारण मधली एक रेषा ओलांडली की स्प्रिंगची ओढ उलट्या बाजूने काम करू लागते. पट्ट्याची कडीही अशीच मध्यरेषा ओलांडून मिटते. मग पट्ट्यावर ओढ जितकी जास्त, तितकी ती कडी अधिकच घट्ट मिटते. बोटाने मात्र ती मध्यरेषेपर्यंत उचलली की झटक्यात उघडते. फक्त त्या कडीच्या पात्यालाही स्वतःचे जडत्व आहे, हे विसरू नये. म्हणून तिची उघडण्याची दिशा गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवू नये.

बसवून झाल्यावर करायची परीक्षा सोपी आहे. आसनावर बसून पट्टे बांधावेत, डोळे मिटावेत आणि एका हाताने अग्निशामक काढून पाहावे. हात पोहोचला नाही, तर बैठक कितीही भक्कम असो, जागा बदलली पाहिजे. नळकांडे स्वतः चालू स्थितीत आहे ना, हेही पाहावे लागतेच. महासंघाच्या नियमाप्रमाणे भरल्यापासून किंवा मागच्या तपासणीपासून दोन वर्षांच्या आत त्याची तपासणी व्हावी लागते.

यातले बरेचसे तुम्हाला वर्गात करून पाहता येईल. लाकडी फळीला चार चाके लावून एक गाडी करा, आणि विजेरीचा मोठा सेल हे आपले अग्निशामक समजा. फळीवर तो लांबीच्या दिशेने ठेवा, दोन ठिकाणी सुताने फळीशी बांधा आणि गाडी उतारावरून सोडून खाली ठेवलेल्या विटेवर आदळू द्या. गाडीच्या पुढे कोणी उभे राहू नये. उतार हळूहळू वाढवत गेलात, की एका उताराला सेल सुतातून सटकून पुढे जाईल. तो उतार टिपून ठेवा. मग सेल आडवा बांधून तोच प्रयोग करा. नंतर पुन्हा लांबीत ठेवून पुढे एक लाकडी ठोकळा खिळ्याने ठोका आणि पाहा. शेवटी सुतात मुद्दाम सैलपणा ठेवून, त्याच उतारावर, कोणते सूत तुटते आणि किती सैलपणाला तुटते, त्याचा तक्ता करा. सूत प्रत्येक वेळी नवे घ्यावे, नाहीतर आधीच्या हिसक्याने कमजोर झालेले सूत तुमचा तक्ता बिघडवील.